चकोर पाहायचाय? मग चंद्राकडे नाही, घसाऱ्याकडे बघा

चकोर आपल्या बहुतेकांच्या ओळखीचा असतो, पण बघितलेला कुणी नसतो. ओव्यांत, अभंगांत, भावगीतांत तो चंद्राकडे टक लावून बसलेला असतो आणि चांदण्यावर जगत असतो. जुन्या संस्कृत राजनीतिग्रंथांत तर राजाच्या जेवणात विष असेल तर चकोराचे डोळे विटतात असं लिहिलंय. खरा चकोर महाराष्ट्रात कुठेच राहत नाही. तो हिमालयातल्या कोरड्या, खडकाळ डोंगरांवर राहतो आणि अंधार पडला की कपारीत शिरून झोपतो. चांदण्याशी त्याला काही देणंघेणं नाही. गवताचं बी, कोवळे कोंब, किडे, शेतात सांडलेले जवाचे दाणे, एवढ्यावर त्याचं भागतं.

लडाखला आणि हिमाचलमधल्या स्पितीला जाणारी मराठी मंडळी आता भरपूर आहेत. बहुतेकजण चकोराच्या आसपासून जातात, त्याचा आवाज ऐकतात, आणि "कुठेतरी कोंबड्या ओरडतायत" म्हणून पुढे सरकतात. पक्षी अजिबात दुर्मीळ नाही. अवघड आहे ते घसारे, म्हणजे सुट्या दगडगोट्यांचे उतार, वाचणं. या लेखातलं बरंचसं त्याबद्दलच आहे.

आधी घरी थोडी तालीम

निघण्याआधी महिना-दोन महिने आपल्याकडच्या चुलतभावंडांवर कान आणि डोळे तयार करा. पुण्याजवळ सासवडच्या माळांवर किंवा सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात भल्या पहाटे गेलात तर राखी तित्तिर, म्हणजे आपला चितूर, हमखास ओरडताना ऐकू येतो. आवाज कुठून येतोय ते आधी नुसत्या कानाने ठरवा, मग दुर्बीण तिकडे न्या, आणि किती चुकलात ते पाहा. सुरुवातीला भरपूर चुकाल. जमिनीवरच्या पक्ष्याचा आवाज आपल्याला नेहमी वाटतो त्यापेक्षा दूरचा असतो.

एक गोंधळ इथेच मिटवू. आपल्याकडे डोंगरातल्या झाडीत जी 'चकोत्री' असते, ती चकोराची मादी नव्हे. तो वेगळाच, लालसर तपकिरी, लाजाळू रानपक्षी आहे. नाव सारखं असल्यामुळे सह्याद्रीत चकोर पाहिल्याचं ठासून सांगणारे भेटतात. वाद घालू नका, फोटो मागा.

कुठे आणि कधी

चकोराचा पसारा मोठा आहे. ग्रीसच्या काही बेटांपासून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत मंगोलिया-चीनपर्यंत. पाकिस्तानचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. भारतात तो पश्चिम हिमालयात, साधारण २,००० ते ४,००० मीटरच्या पट्ट्यात मिळतो. आपल्याला सोयीची ठिकाणं दोन.

पहिलं म्हणजे लेह आणि आसपास. शे, ठिकसे, बास्गो, अल्ची या गावांच्या मागचे उघडेबोडके डोंगर, आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातली झिंगचेन-रुंबाकची दरी. हिमबिबट्या पाहायला लोक याच दरीत हिवाळ्यात जातात आणि त्याची वाट बघता बघता दिवसभर चकोरच पाहतात. दुसरं ठिकाण स्पितीतलं किब्बर आणि त्याच्या आसपासची शेतं. किब्बर ४,००० मीटरच्या वर आहे, त्यामुळे तिथे पहिल्यांदाच जाणाऱ्याने आधी खालच्या काझा गावात थांबावं.

चकोर वर्षभर तिथेच असतो. जागा मात्र बदलतो. कडाक्याच्या थंडीत, डिसेंबर ते मार्च, बर्फ पडलं की थवे खाली उतरतात. ज्या उतारांचं तोंड दक्षिणेकडे आहे तिथलं बर्फ आधी वितळतं, म्हणून पक्षी तिथे गोळा होतात, आणि गावातल्या गोठ्यांजवळ, मळणीच्या जागेवरही येतात. पाहायला हा सगळ्यात सोपा काळ, सोसायला सगळ्यात अवघड. एप्रिल-मे मध्ये थवे फुटून जोड्या होतात आणि नर पहाटेपासून ओरडत असतात, त्यामुळे कानाने शोधायला हा काळ उत्तम. जून-जुलैमध्ये अंडी आणि पिल्लं असतात. त्याबद्दल पुढे वेगळं सांगतो. ऑगस्टच्या अखेरीपासून जवाची कापणी होते आणि मोठी झालेली पिल्लं घेऊन अख्खी कुटुंबं कापलेल्या शेतांत उतरतात. कुटुंबाला घेऊन जाणार असाल तर सप्टेंबर निवडा. हवा बरी असते, रस्ते उघडे असतात, आणि पक्षी शेताच्या बांधावर आयते मिळतात.

पहिले दोन दिवस पक्षी विसरा

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. मुंबईहून किंवा पुण्याहून विमानाने सकाळी निघून दुपारी तुम्ही तिथे उभे असता आणि शरीराला याची काही कल्पनाच नसते.

माझी पहिली सकाळ सांगतो. गेस्ट हाऊसच्या मागच्या टेकडीवरून 'चुक-चुक-चुक' सुरू झालं आणि मी चहा अर्धा टाकून वर धावलो. ऐंशी-शंभर पावलांवर छाती भात्यासारखी, त्यापुढे पन्नास पावलांवर डोकं ठणकायला लागलं. पक्षी दिसला नाहीच, पुढचा दीड दिवस पलंगावर गेला. घरमालकीणबाई, अमा-ले, दर तासाला गरम पाणी आणून देत होत्या आणि न चुकता हसत होत्या.

तेव्हा पहिले दोन दिवस गावातल्या गावात, सपाटीवर, हळू चाला. पाणी पीत राहा, दारू-सिगारेट नको. उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर पक्षीनिरीक्षण संपलं. दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायचं.

या दोन दिवसांत एक काम मात्र करा. गच्चीत बसून पहाटे आणि संध्याकाळी आवाज कुठून येतात ते कागदावर मांडून ठेवा. तिसऱ्या दिवशी तोच तुमचा नकाशा.

उतार कसा वाचायचा

चकोराचं शरीर नीट पाहिलं की त्याचं वागणं आपोआप उलगडतं. पाय मजबूत, धड जड, पंख आखूड आणि गोलसर. असा पक्षी एकदम जोरात उडू शकतो, पण लांबवर पंख मारत राहू शकत नाही. म्हणून त्याने डोंगराशी एक व्यवहार ठरवलाय. चढायचं पायांनी, उतरायचं पंखांनी. धोका दिसला की तो उडत नाही, चढावर पळतो. घसाऱ्यावरून, जिथे आपला पाय दोन पावलं वर आणि एक पाऊल खाली जातो, तिथून तो शर्यतीतल्यासारखा जातो. धारेवर पोचला आणि तरीही धोका मागे असेल, तर मग पंखांचा फडाफडा आवाज करत झेप घेतो आणि पंख ताठ धरून दरीच्या पलीकडे तरंगत उतरतो. तुम्ही तासभर चढून जे मिळवलं ते तो अर्ध्या मिनिटात खर्चून टाकतो.

अमेरिकेत हा पक्षी शिकारीसाठी नेऊन सोडला गेला आणि पश्चिमेकडच्या कोरड्या डोंगरांत चांगलाच रुजला. तिथले शिकारी म्हणतात, चकोराच्या मागे माणूस पहिल्यांदा हौसेने जातो, नंतर सूड घ्यायला. दुर्बीणवाल्यांचंही वेगळं नाही.

या चढण्यावर अभ्यासही झालाय. मोंटाना विद्यापीठातल्या केनेथ डायल यांनी २००३ मध्ये दाखवलं की चकोर तीव्र चढावर पळताना पंखही मारतो, पण उडण्यासाठी नव्हे. पंखांच्या जोराने तो पाय उतारावर दाबून धरतो, म्हणजे पकड सुटत नाही. नीट उडता न येणारी पिल्लंसुद्धा ही युक्ती वापरतात, आणि मोठा पक्षी तर उभ्या भिंतीपलीकडे, १०५ अंशांच्या लोंबत्या चढावरही जातो. पक्ष्यांनी उडायला सुरुवात कशी केली असेल या जुन्या वादात त्यामुळे एक नवा धागा आला. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच की चढावरच्या शर्यतीत आपण हरणारच आहोत. ती लावूच नये.

मग करायचं काय? खालून त्याच्याकडे चढू नका, तो वर जात राहील आणि तुम्हाला फक्त घरंगळणारे गोटे दिसतील. वरून उतरू नका, तो झेप घेईल. समोरच्या उतारावर बसा. दरी अरुंद असेल तर पलीकडची बाजू दुर्बिणीच्या टप्प्यात असते, आणि मधे ओढा असला की तुम्ही त्याच्यासाठी धोका उरत नाही. जागा बदलायची असेल तर आडवं चाला, एकाच उंचीवरून, तिरकं, त्याच्याकडे थेट न बघता, थांबत थांबत. गुराखी चालतो तसं. चकोराला गुराख्यांची सवय असते. रोखून बघत सरळ त्याच्याकडे येणाऱ्या माणसाची नसते.

बसल्यावर उताराचे मनातल्या मनात आडवे पट्टे पाडा आणि सगळ्यात खालच्या पट्ट्यापासून सुरुवात करा, कारण खाणं आणि पाणी खाली असतं. एक पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश बघा, मग वरचा. दगडांचे माथे विशेष बघा. थवा चरत असताना बहुधा एखादा पक्षी उंच दगडावर पहाऱ्याला असतो, आणि पहारेकरी सापडला की थवा त्याच्या पायथ्याशी सापडतोच. दगडासारखाच रंग असला तरी दगड चालत नाही. म्हणून एका जागी नजर दहा सेकंद ठेवा, हालचाल आपोआप डोळ्यांत भरते.

पक्षी नसला तरी खुणा असतात. मऊ मातीत वाटीएवढे खळगे म्हणजे धुळीत अंग घोळण्याच्या जागा. ताज्या खळग्यात एखादं पीस मिळतं. बर्फात पुढे तीन बोटांचे ठसे एका ओळीत चढत गेलेले दिसतात. अशा खुणा असलेली जागा आज रिकामी असली तरी उद्या पहाटे तिथे समोर जाऊन बसा.

वेळेचं म्हणाल तर उजाडल्यापासूनचे दोन-तीन तास आणि ऊन उतरल्यावर. जूनमध्ये लेहला पाच-सव्वापाचला सूर्य उगवतो, जानेवारीत सात वाजून जातात. अरुंद दरीत ऊन तळाशी पोचायला त्याहून वेळ लागतो, आणि थंडीत पक्षी ऊन आलेल्या पट्ट्याबरोबर सरकत खाली येतात. म्हणजे ऊन पहिल्यांदा कुठे पडतं ते आदल्या दिवशी पाहून ठेवलं तर अर्धं काम झालं. उन्हाळ्याच्या दुपारी ते सावलीत गप्प बसतात. तुम्हीही जेवून घ्या.

चुकून थवा उधळला तर? जागचे हलू नका. पांगलेले पक्षी थोड्या वेळाने एकमेकांना हाका मारायला लागतात आणि पुन्हा एकत्र यायला चालत निघतात. अर्धा तास खडकासारखं बसलं तर ही जमवाजमव पाहायला मिळते. मुद्दाम मात्र कधीही उधळू नका. हिवाळ्यात प्रत्येक झेप त्याला महागात पडते, आणि वर सोनेरी गरुड फिरत असतो.

हा चकोरच, हे कशावरून

लांबी ३२ ते ३५ सेंटिमीटर, वजन साधारण अर्धा ते पाऊण किलो. नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून त्या फंदात पडू नका. लांबून आधी दिसते ती काळी रेघ. कपाळावरून निघून डोळ्यावरून गालाखाली येते आणि गळ्याशी दोन्हीकडून मिळून माळ होते. माळेच्या आतला गळा मलईसारखा पांढरट. चोच, पाय आणि डोळ्याभोवतीचं कडं लालभडक. पाठ राखाडी, आणि कुशीवर काळ्या-तांबूस उभ्या पट्ट्या, अगदी ठळक. उडाला की शेपटीच्या दोन्ही कडा तांबूस दिसतात. आवाज 'चुक… चुक… चुक-चुकर-चुकर', सुरुवातीला संथ आणि मग भरभर. नाव त्यावरूनच पडलं.

फसवणारे तीन. रामचकोर नावाने चकोर, पण दोन-तीन किलोचा, टर्कीच्या अंगाचा, बराच उंचावर राहणारा, आणि त्याची हाक म्हणजे लांबलचक चढती शीळ. एकदा ऐकली की घोटाळा होत नाही. तिबेटी तित्तिर पूर्व लडाखमध्ये, हानलेकडे भेटतो. चकोराहून थोडा लहान, मानेमागे तांबूस पट्टा, चेहऱ्यावर काळा डाग, आणि चोच लाल नाही. तिसरा हिमतित्तिर, खरा फसवा तोच. त्याचीही चोच आणि पाय लाल असतात. पण त्याच्या अंगावर डोक्यापासून बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा असतात आणि गळ्यात माळ नसते. तो बर्फाच्या रेषेजवळ राहतो. उत्तराखंडमध्ये तुंगनाथच्या वरच्या भागात बरेच जण पाहतात.

सामान आणि फोटो

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरेशी. जास्त मोठी घेतली तर धाप लागलेल्या हातात थरथरते. कपडे मळखाऊ, खाकी किंवा राखी. नारंगी जॅकेट ग्रुप फोटोसाठी ठेवा. बसायला फोमचा तुकडा न्या, कारण गार दगडावर अर्धा तास बसवत नाही आणि या पक्ष्यासाठी तेच करायचं असतं. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी लेन्स हवी. बर्फ मागे असेल तर एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर पक्षी काळाठिक्कर येतो. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. सकाळी नऊनंतर तिथलं ऊन इतकं कडक होतं की रंग उडालेले फोटो येतात. तेव्हा कॅमेरा ठेवून नुसतं बघावं, असं माझं मत.

जून-जुलैची पथ्यं

घरटं म्हणजे झुडपाच्या किंवा दगडाच्या आडोशाला उकरलेला उथळ खळगा. त्यात ७ ते १४ अंडी असतात आणि ती साधारण २४ दिवस उबवतात. पिल्लं निघाली की लगेच चालायला लागतात आणि धोका दिसला की आहे तिथे दबून बसतात. तुमच्या बुटाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. म्हणून या दिवसांत पायवाट सोडू नका. मोठा पक्षी लंगडत, पंख मोडल्यासारखा तुमच्यासमोर घुटमळायला लागला तर ते सोंग आहे. पिल्लं जवळच आहेत. आल्या पावली मागे फिरा.

मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणं कधीही नको, विणीच्या काळात तर मुळीच नको. दाणे टाकून फोटोसाठी जमवणंही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला मारणं, पकडणं, त्याची अंडी उचलणं गुन्हा आहे. "गावात पाळलेला आहे, हातात घेऊन फोटो काढा" असं कुणी म्हणालं तरी हात लावू नका.

आणखी एक. हॉटेलं आणि तंबूंच्या उरल्यासुरल्या अन्नावर लडाखमधली भटकी कुत्री वाढतात, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना त्यांचा जाच मोठा आहे. आपला डबा, उरलेली पोळी, बिस्किटाचा पुडा परत घेऊन या. कुत्र्याला घातलेली पोळी तिथे पुण्य नव्हे.

गावकऱ्यांना विचारा

"जुले", म्हणजे लडाखी नमस्कार, म्हणा, थांबा, चहा दिला तर प्या, आणि मग विचारा. वयाने मोठ्या बाईंना अमा-ले, थोरल्या भावाच्या वयाच्या माणसाला आचो-ले म्हटलं की बोलणं सोपं होतं. कुठल्या शेतात सकाळी थवा उतरतो हे त्यांना घड्याळासारखं माहीत असतं. पक्षी पाहायला शेतात शिरायचं नाही. तिथल्या बांधाच्या दगडी भिंती कमरेएवढ्या असतात. भिंतीच्या अलीकडे, टेकून, डोकं फक्त वर येईल असं बसायचं. हेमिसमध्ये जायचं शुल्क आणि परवान्यांचे नियम बदलत असतात, ते लेहमध्ये पोचल्यावर ताजे विचारून घ्या.

परदेशात असाल तर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना लडाख गाठायची गरज नाही. युटामध्ये सॉल्ट लेक सिटीजवळच्या अँटिलोप बेटावर चकोर गाडीतूनही दिसतात. अमेरिकेत चकोर नेऊन सोडण्याचे सुरुवातीचे प्रयत्न १८९३ मध्ये कराचीहून मागवलेल्या पक्ष्यांनी झाले, म्हणजे मुंबई इलाख्यातूनच गेलेले म्हणायचे. आखातात ओमानच्या मुसंदम भागात मूळचे चकोर आहेत. अल ऐनजवळच्या जबल हफीतवर मात्र दिसेल तो बहुधा वाळू तित्तिर, चकोराहून लहान आणि फिकट, गळ्यात माळ नसलेला.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा, अंदाजे उंची, थव्यात किती, उतार कोणत्या दिशेचा, ऊन होतं की सावली, आणि काय करत होते. नुसतं "चकोर, १२" लिहिलेलं पुढच्या वर्षी उपयोगी पडत नाही. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'रुंबाकच्या वाटेवर, सकाळी पावणेनऊ, ऊन नुकतंच ओढ्यापर्यंत आलेलं. १७, सगळे उताराने चालत खाली. एक दगडावर. भिंतीपासून चाळीस पावलांवर पाणी प्यायले. मी हललो नाही. चहा गार.'